जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी, खाजगी थेरपी सेंटर, शिबिरं आणि शाळेच्या मॅडम : सीपी लेकराच्या बापाचा साडेचार वर्षांचा अनुभव

गेली साडेचार वर्षं आम्ही दोघं नवरा-बायको लेकराला घेऊन जिथं जिथं गेलो त्या सगळ्यांबद्दल एकदाच नीट लिहून टाकतो, कारण आठवड्यातून दोन-तीन तरी फोन येतात, कुणाच्या भाच्याचं लेकरू मान धरत नाही, कुणाच्या पुतणीचं बोलत नाही, कुठं जावं, किती पैसे लागतात, सरकारीत काही होतं का. जिल्ह्याचं नाव लिहीत नाही, मराठवाड्यातला आहे एवढं पुरे, कारण पुढं तक्रारीपण लिहिणार आहे आणि तिथं काम करणारी माणसं मनापासून करतात, त्यांना त्रास व्हायला नको.

आधी आमच्याबद्दल. मी फर्निचरचं काम करतो, कपाटं, किचन ट्रॉल्या, पलंग. लेकरू एकतिसाव्या आठवड्यात झालं, वजन १ किलो ४०० ग्रॅम, २६ दिवस काचेच्या पेटीत होतं. आता सहावं चालू आहे. त्याला स्पास्टिक डायप्लेजिया आहे, म्हणजे सेरेब्रल पाल्सीचाच (सीपी, मेंदूला लहानपणीच इजा झाल्यानं हालचाल अडते) एक प्रकार, दोन्ही पाय कडक आणि हातांना त्रास कमी. बोलणं अडखळत आहे पण कळतं सगळं, आणि काय पाहिजे ते सांगितल्याशिवाय राहत नाही.

आशाताई घरी यायच्या, नवव्या महिन्यात आल्या तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की लेकराला टेकूशिवाय बसता येत नाही आणि उभं धरलं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात, दाखवून आणा. आम्ही ऐकलं नाही. घरात सगळे म्हणाले काही लेकरं उशिरा करतात, याचा काका पण दोन वर्षांनी चालला होता. पाच महिने असेच गेले. मग अंगणवाडीत आरबीएसकेची गाडी आली (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ ला आपल्या पालघरमधूनच देशभर सुरू झाला, यांची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते), त्यातल्या डॉक्टर मॅडमनी लेकराच्या टाचेला हात लावला, पाय वर करून बघितला आणि तिथंच रेफरचा कागद लिहिला. चौदा महिन्यांचं होतं तेव्हा. ते पाच महिने मला अजून टोचतात, म्हणून ज्यांच्या घरात असं लहान लेकरू आहे त्यांनी पुढचं काही वाचलं नाही तरी चालेल पण अंगणवाडीत नाहीतर जिल्हा रुग्णालयात उद्याच दाखवा.

त्या कागदावर डीईआयसी (डिस्ट्रिक्ट अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर) लिहिलेलं होतं. मला काहीच माहीत नव्हतं. जिल्हा रुग्णालयातच हा वेगळा विभाग असतो, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, आणि एकाच ठिकाणी बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, स्पीचवाले, मानसतज्ज्ञ, डोळे बघणारे, दातांचे, विशेष शिक्षक, समाजसेवक असे सगळे असायला पाहिजेत. पैसे काहीच नाहीत. आमचं गाव जिल्ह्यापासून ४५ किलोमीटर, सकाळची सहा पन्नासची एसटी.

पहिल्या दिवशी फिजिओच्या मॅडमनी लेकराला हातच लावला नाही. मला वाटलं काय हे, एवढ्या लांबून आलो. त्यांनी खाली चटईवर आमच्यासोबत बसून विचारलं की लेकरू दिवसभर असतं कुठं? म्हणलं मांडीवर नाहीतर लोडाला टेकवून. खातं कसं? मिसेसनी पिशवीतून दूध-बिस्किट काढलं आणि रोज भरवते तसं भरवून दाखवलं, मांडीवर आडवं घेऊन, मान मागं टाकून, चमच्यानं वरून सोडायचं. आमच्याकडं सगळ्याच बायका असंच भरवतात. मॅडमनी दोन चमचे होऊ दिले, मग हळूच लेकराला उठवून बसवलं, हनुवटी जराशी खाली, चमचा समोरून छातीच्या उंचीवरून आणायचा. म्हणाल्या मान मागं असली की याला गिळणं सांभाळता येत नाही, थोडं थोडं श्वासनळीत जातं. त्या हिवाळ्यात लेकरू दोनदा न्यूमोनिया म्हणून ॲडमिट झालं होतं! दोन्ही वेळचं मिळून २३ हजार बिल. त्यानंतर साडेचार वर्षांत एकदाही ॲडमिट केलं नाही. मी काही डॉक्टर नाही, सगळं त्या चमच्यामुळंच झालं असं नाही म्हणणार, पण आधी कुणीतरी आम्हाला भरवताना बघायला पाहिजे होतं हे नक्की म्हणेन.

तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणाला एकच गोष्ट लावून बघतो, की तिथून घरी काय आलं. सेंटरवर लेकरू आठवड्यात जास्तीत जास्त दोन तास असतं, बाकीचा आठवडा ते आईजवळ, आजीजवळ, माझ्या दुकानात असतं. तिथं मॅडम नसतात.

दुसऱ्या वेळी मॅडमनी पेनानं एका केसपेपरच्या मागं खुर्चीचं चित्र काढून दिलं. कॉर्नर चेअर म्हणतात. त्यांना माहीत नव्हतं मी सुतारकाम करतो, त्या म्हणाल्या कुणी ओळखीचा मिस्त्री असेल तर करून घ्या, बाजारात महाग मिळते. मी कागद हातात घेतला आणि मला रडायला आलं, कारण चौदा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला करता येईल असं काम सांगितलं होतं. तोपर्यंत मी फक्त गाडीभाडं देणारा आणि बाहेर उभा राहणारा माणूस होतो. त्या रात्री दुकानात १८ एमएमच्या प्लायच्या उरलेल्या तुकड्यांतून खुर्ची केली, पाठीला दोन फळ्या काटकोनात जोडलेल्या, त्या काटकोनात लेकरू बसलं की खांदे पुढं येतात आणि ते मागं ताण मारू शकत नाही, दोन मांड्यांच्या मध्ये फोम लावलेला गोल ठोकळा म्हणजे पाय कात्री होत नाहीत, पुढं ट्रे. पहिल्यांदा बसवलं तर दोन्ही हात मोकळे झाले आणि त्यानं ट्रेवरचा डबा उचलून खाली टाकला. परत दिला, परत टाकला. आम्ही अर्धा तास तेच करत होतो.

मॅडमनी घरचा व्यायाम पण असाच दिला, वेगळा वेळ काढून करायचा नाही तर रोजच्या कामातच. चड्डी बदलताना पाय उघडायचे आणि टाच हळू वर दाबून वीस मोजायचे. पाटावर बसवून समोरच्या खुर्चीला धरून उठ-बस, आजी मोजणार. पाय मागं टाकून डब्ल्यूसारखं बसायला लागलं की ओरडायचं नाही, पाय फिरवून मांडी घालून द्यायची नाहीतर स्टुलावर बसवायचं. आजीला हे सगळं आमच्यापेक्षा लवकर जमलं. दर महिन्याला मॅडम मिसेसला म्हणायच्या, तुम्ही करून दाखवा, आणि हात कुठं चुकतोय ते बघायच्या. मोबाईलवर व्हिडिओ पण काढू दिले.

आता कमी काय आहे ते. स्पीच थेरपिस्टची जागा आमच्या इथं चौदा महिने रिकामी होती, आणि तेच महिने आमच्या लेकराला बोलण्यासाठी सगळ्यात गरजेचे होते, ते परत मिळणार नाहीत. बहुतेक स्टाफ कंत्राटी आहे, चांगला माणूस रुळला की दुसरीकडं पक्की नोकरी मिळते आणि जातो. विभाग पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आमच्या मोजणीत दहा वेळा गेलो तर चार वेळा बंद. चालता न येणाऱ्या लेकरांचा विभाग वरच्या मजल्यावर, मोठं लेकरू असेल तर आई त्याला कडेवर घेऊन जिना चढते, बारा-तेरा वर्षांच्या मुलाला दोन बायका मिळून नेताना मी बघितलंय. हे बदलायला पैसे लागत नाहीत, खालच्या दोन खोल्या द्यायला लागतात. गर्दीच्या दिवशी एका लेकराला बारा-पंधरा मिनिटंच मिळतात. आणि अजून एक, सीपीच्या मुलांचा खुब्याचा सांधा हळूहळू सरकू शकतो, दुखत नाही तोवर कळतही नाही, म्हणून ठराविक काळानं हिपचा एक्स-रे काढून बघायचा असतो, हे आम्हाला लेकरू चार वर्षांचं होईपर्यंत कुठंच कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही स्वतः विचारा. आमच्याकडून सगळं मिळून ५ पैकी ४, आणि तो चौथा मार्क पूर्ण त्या फिजिओ मॅडमचा आहे.

मध्ये आम्हाला वाटलं आठवड्यातून एकदा पुरत नाही, म्हणून शहरातल्या एका खाजगी सेंटरला लावलं. एसी, रंगीत मॅट, भिंतीवर कार्टून, ४५ मिनिटांचे ६०० रुपये आणि १२ सेशनचे ७,२०० आधी भरायचे. पालकांनी बाहेर बसायचं, आत यायचं नाही, मुलं आईला बघून रडतात म्हणून. आतून रडण्याचा आवाज यायचाच. बाहेर आलं की रिपोर्ट एकच, आज चांगलं केलं. काय केलं विचारलं तर म्हणायचे ते आमच्यावर सोडा, घरी चुकीचं केलं तर उलटं होईल. बारा सेशन झाले, घरी काहीही आलं नाही. लेकरू वाईट झालं नाही पण आम्ही दोघं परत घाबरायला लागलो होतो, त्याला हात लावायला. मी सगळ्या खाजगी सेंटरांना नावं ठेवत नाही, चांगली पण नक्की आहेत आणि डीईआयसीत जागा रिकाम्या असताना तीच आधार असतात, पण पैसे भरायच्या आधी एवढं विचारा की आईला आत बसू देणार का आणि घरी करायचं शिकवणार का. नाही म्हणाले तर उठून या.

याच काळात स्टेम सेलवाले, म्हणजे स्टेम सेलची इंजेक्शनं देऊन सीपी बरी करतो म्हणणारे भेटले. कुणीतरी नंबर दिला, तिकडून गोड बोलून लाखांचं पॅकेज सांगितलं, दोन डोस झाले की फरक दिसेल, शेत असेल तर विकू नका आम्ही हप्ते करून देतो. मिसेस तिचे दागिने मोडायला तयार होती. मी फिजिओ मॅडमना विचारलं, त्यांनी आम्हाला मोठ्या डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी नीट समजावलं की आपल्या देशात २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे स्टेम सेलचा मान्य उपचार रक्ताच्या काही आजारांपुरताच आहे, सीपीसाठी नाही. सीपी म्हणजे मेंदूच्या वाढीच्या काळात एकदा झालेली इजा, ती वाढत जात नाही, पण इंजेक्शननं भरून पण येत नाही, आपण शिकवू ते मेंदू शिकतो. दागिने वाचले. माझी सगळ्यांना हात जोडून विनंती आहे, असं कुणी सांगितलं तर आधी सरकारी डॉक्टरला विचारा.

युडीआयडी कार्डाबद्दल, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राबद्दल, सगळ्यात जास्त फोन येतात. अर्ज ऑनलाईन भरायचा, सीएससी सेंटरवाला भरून देतो, मग रुग्णालयात मेडिकल बोर्डाच्या दिवशी तपासणी. आम्ही आठला पोचलो, नंबर दोनला आला, पाण्याची सोय नव्हती, आणि आत गेल्यावर सगळ्यांसमोर चालून दाखव म्हणाले. लेकरू चालत नाही म्हणूनच तर आलो होतो. पण कार्ड मिळालं, ६५ टक्के, पिवळ्या रंगाचं (४० च्या खाली पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० च्या पुढं निळं). त्यावर एसटीत लेकराला ७५ टक्के सवलत आणि ६५ टक्के असल्यामुळं सोबतच्या माणसाला अर्धं तिकीट. मिसेसचं तर २०२३ पासून तसंच अर्धं झालं आहे, म्हणून आता तिघांनी जायचं म्हणलं तरी खर्चाचा विचार करावा लागत नाही. त्या दिवशी रांगेत एक ताई भेटल्या, त्यांचा मोठा मुलगा ऑटिझमचा, त्या म्हणाल्या पूर्वी आमच्या मुलाचा प्रकार कागदावर नव्हताच. १९९५ च्या दिव्यांगांच्या कायद्यात ७ च प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले, तेव्हा त्यात ऑटिझम आलं. अशा बायकांकडून मी जेवढं शिकलो तेवढं कुठल्या ऑफिसात नाही. थांबायच्या हॉलमध्ये बहुतेक वेळा बाप मी एकटाच असायचो. आधी त्या गप्प व्हायच्या, आता जागा करून देतात. कुणाचा नवरा सोडून गेलाय, कुणाला सासू म्हणते तुझ्याच पोटात दोष, आणि त्या एकमेकींचे डबे खात एकमेकींची लेकरं सांभाळतात म्हणजे एकीला बाथरूमला जाता येतं. विभागानं महिन्यातून एकदा या पालकांना एक खोली आणि एक तास दिला तर फार मोठं काम होईल. हे मी लेखी पण दिलं आहे.

निरामय विमा थोडक्यात सांगतो. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचा आहे, ऑटिझम, सीपी, मतिमंदत्व आणि बहुविकलांग यांच्यासाठी, वर्षाला एक लाखापर्यंत, आधी मेडिकल तपासणी नाही, थेरपीचा खर्चपण काही मर्यादेपर्यंत बसतो. पैसे आधी आपण भरायचे मग बिलं लावून मागायचे, म्हणून प्रत्येक पावती, प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवा. आम्ही दोनदा मागितले, एकदा मिळाले, एकदा कागद कमी पडला. कमी पडला तो आमच्याच चुकीनं.

दिव्यांगांना साहित्य वाटतात त्या शिबिरांचा अनुभव मिश्र. केंद्राच्या एडीप योजनेत महिन्याचं उत्पन्न २२,५०० पर्यंत असेल तर साहित्य मोफत, ३०,००० पर्यंत अर्ध्या किमतीत, योजना चांगलीच आहे. पण एका शिबिरात लेकराचं माप घेतलं आणि सीपी चेअर हातात आली सात महिन्यांनी, तोवर त्याच्या मांड्या लांब झाल्या होत्या, पाय खुर्चीच्या पाय ठेवायच्या पायरीच्या खाली जायचे. मी ती उसवून पायरी खाली घेतली आणि सीट दीड इंच वाढवली. ज्याच्या घरी मिस्त्री नाही त्यानं काय करायचं? तिथं एका आजीला नातवासाठी प्रौढ माणसाची व्हीलचेअर दिली होती, पोरगं त्यात बुडून गेलं होतं. आणि स्टेजवर फोटो काढताना लेकरांना दोन तास उन्हात बसवलं होतं. साहित्य द्या, फोटो नका काढू, किंवा आधी साहित्य बसवून बघा आणि मग काढा. घोट्याचे बूट म्हणजे एएफओ मात्र आम्ही मापाचेच करून घेतो, दर आठ-दहा महिन्यांनी नवीन लागतात, काढल्यावर कातडीवरची लाली वीस मिनिटांत गेली नाही तर बूट बरोबर नाही, परत घेऊन जायचे, लेकराला सवय होईल म्हणून थांबायचं नाही.

शाळेचं सांगितल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. गावातल्या शाळेत दाखला घ्यायला गेलो तर सर म्हणाले याला खास मुलांच्या शाळेत टाका, इथं पडलं-झडलं तर जबाबदारी कोणाची. मी परत आलो होतो. पण गट साधन केंद्रातून समग्र शिक्षाच्या विशेष शिक्षिका येतात त्या मॅडम दुसऱ्या दिवशी स्वतः माझ्यासोबत आल्या आणि सरांना शांतपणे सांगितलं की २०१६ च्या कायद्यात ६ ते १८ वर्षांच्या अशा मुलाला जवळची शाळा घ्यायची का विशेष शाळा हे निवडायचा हक्क आहे आणि शिक्षण मोफत आहे. भांडल्या नाहीत. मग सरांना म्हणाल्या तुम्हाला भीती कशाची वाटते ते सांगा, आपण एकेक बघू. भीती होती संडासची आणि पायऱ्यांची. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात, त्यातून रॅम्प आणि संडासात दोन्ही बाजूला पाईप मंजूर झाला, आठ महिने लागले, ग्रामसभेत मी तीनदा उठून उभा राहिलो. टेबल मी करून दिलं. आता मॅडम दर गुरुवारी येतात, आणि त्यापण वर्गातल्या बाईंना शिकवून जातात, याला पुढच्या बाकावर खिडकीकडं तोंड करून बसवू नका, मान डावीकडं वळते, फळा समोर पाहिजे. सरांनी परवा स्वतःच्या मोबाईलवरून मला व्हिडिओ पाठवला, प्रार्थनेला लेकरू वॉकर धरून उभं आहे आणि शेजारचा पोरगा त्याची टोपी सरळ करतोय. त्या मॅडमना ५ पैकी ५. त्यांच्याकडं एवढ्या शाळा आहेत की गुरुवारी त्या आमच्याकडं जेमतेम तासभर असतात, तरी ५.

आता ती कॉर्नर चेअर कशी करायची असं विचारणाऱ्यांसाठी. आतापर्यंत अकरा करून दिल्या, प्लाय आणि फोमचे पैसे घेतो, मजुरी नाही. तुमच्या गावातला कुठलाही मिस्त्री करू शकतो, फक्त माप तुमच्या फिजिओसमोर घ्या. लेकराला स्टुलावर ताठ बसवायचं, एकानं मागून धरायचं. पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंत मोजायचं आणि त्यातून दोन बोटं कमी करायची, ती सीटची खोली. खळीपासून टाचेपर्यंत, बूट घालत असेल तर बूट घालून, ती पायरीची उंची, पाऊल पूर्ण टेकलं पाहिजे, लोंबकळता कामा नये. कमरेची रुंदी आणि दोन्ही बाजूला एकेक इंच जास्त. सीटपासून खांद्यापर्यंत पाठ, मान पडत असेल तर डोक्यापर्यंत. सीटपासून कोपरापर्यंत ट्रे. पायरीला दोन-तीन जागी भोकं पाडून ठेवा म्हणजे लेकरू वाढलं की खाली घेता येते. कडा रंधा मारून गोल करा, खिळे नको, स्क्रू लावा, फोमवर रेक्झिन लावा म्हणजे लाळ-दूध पुसता येतं. आणि खुर्ची झाली की लगेच घरी नेऊ नका, आधी डीईआयसीत नेऊन लेकराला त्यात बसवून दाखवा. आमच्या इथं शुक्रवारी गर्दी कमी असते, नऊच्या आत केसपेपर काढला तर मॅडमना वेळ मिळतो, आणि जाताना लिफ्ट चालू आहे का ते खाली गेटवरच विचारून घ्या.